हुर्यो

परवा गॅरेज आवरताना जुन्या वह्यांच्या खोक्यात एक पुठ्ठा सापडला. मुलीच्या बुटांच्या खोक्याचं झाकण. त्यावर लाल स्केचपेनने दोन मोठ्ठे आकडे काढलेत, इंग्रजीत, आणि त्यांच्याखाली तेच मराठीत: ३७. तेव्हा ती सात वर्षांची होती. दर रविवारी मराठी शाळेत जायची आणि नवीन शिकलेलं मिळेल त्या जागी लिहून ठेवायची. त्यातला सात तिने उलटा काढलाय. १ ऑगस्ट २०१५ ला हा पुठ्ठा घेऊन आम्ही बापलेक सिडनी क्रिकेट ग्राउंडवर गेलो होतो. मॅच क्रिकेटची नव्हती, आणि ज्याच्यासाठी पुठ्ठा नेला होता तो त्या दिवशी मैदानात उतरणार नव्हता.

ॲडम गुड्स त्याचं नाव. आता त्याचा विषय निघाला की लोकांना आधी ती हुर्यो आठवते. सतरा मोसम खेळलेल्या माणसाची ओळख शेवटच्या दोन मोसमांतल्या गोंगाटाने व्हावी, हे मला फार सलतं. म्हणून आधी त्याच्या खेळाचं सांगतो.

मी २०१० मध्ये डोंबिवलीहून इथे आलो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल नावाचा खेळ असतो, त्याला इथे सगळे लाडाने फुटी म्हणतात, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. सिडनीत तसा रग्बीचा जोर. फुटीचं माहेर मेलबर्न. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी मूळचा तिथला. त्याच्या घरात तीन पिढ्या एकाच क्लबच्या: साउथ मेलबर्न. १९८२ साली तो क्लब बाडबिस्तरा गुंडाळून सिडनीला आला आणि पुढे सिडनी स्वान्स झाला. क्लबने गाव सोडलं, पण याच्या आजोबांनी क्लब सोडला नाही. २०११ च्या हिवाळ्यात हा सहकारी मला मॅचला घेऊन गेला.

पहिला धक्का मैदानाचाच. ज्या मैदानावर सचिनने २००४ साली कव्हर ड्राइव्हला हात न लावता नाबाद २४१ केल्या, तिथे छत्तीस माणसं एका लंबगोल चेंडूमागे धावत होती. सहकाऱ्याने मग समजावलं की या खेळाचं आणि क्रिकेटचं नातं जुनं आहे. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली मेलबर्नमधल्या एका पत्रात लिहिलं होतं की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांची अंगं जड होतात, काहीतरी खेळ हवा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. मैदानं तीच, फक्त मोसम वेगळा. याच विल्सने पुढे इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल खेळाडूंच्या क्रिकेट संघाला शिकवलं आणि १८६६ च्या बॉक्सिंग डेला त्यांना मेलबर्नच्या मैदानावर उतरवलं. हे ऐकलं आणि माझं कुतूहल जागं झालं.

खेळ कळायला मला अख्खा मोसम लागला. दोन्ही टोकांना चार-चार खांब, आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. घेऊन पळायचं तर दर पंधरा मीटरच्या आत एकदा जमिनीवर आपटायचा. कबड्डीत दम सुटला की संपलं, तसं इथे टप्पा चुकला की चेंडू गेला. आणि तो चेंडू लंबगोल! टप्पा कुठे जाईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. लांबून मारलेला चेंडू कुणी हवेतच पकडला की त्याला मार्क म्हणतात, मग त्याला निवांत लाथ मारायला मिळते. त्या मार्कसाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून चढतात.

या सगळ्यात पांढऱ्या-लाल बिनबाह्यांच्या जर्सीतला ३७ नंबर माझ्यासारख्या नवख्यालाही लगेच दिसला. उंच माणसं ताकदीच्या जागी खेळतात आणि लहान चणीची चपळ माणसं गर्दीत शिरून चेंडू काढतात, अशी साधारण वाटणी असते. गुड्स दोन्ही करत होता. उंच उडीवाल्याने मार्क घ्यावा तसा तो वर जायचा आणि खाली येताच घोळक्यातून वाट काढत पळायचा. पळताना डोकं हलायचं नाही. समोरचा अंगावर येतोय हे त्याला एक क्षण आधी कळायचं, आणि तेवढ्यात तो चेंडू एका हातातून दुसऱ्यात घेऊन बाजूला झालेला असायचा. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. सहकारी म्हणाला, "तू उशिरा आलास. दहा वर्षांपूर्वी बघायला हवा होता."

मग मी मागे जाऊन वाचत गेलो, जुन्या मॅचच्या चित्रफिती बघत गेलो. जन्म ८ जानेवारी १९८० चा, साउथ ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू या समुद्राकाठच्या गावातला. आई ॲबोरिजिनल, अद्न्यामथन्हा आणि नारंगा या समाजांची. ती पाच वर्षांची असताना तिला सरकारी धोरणानुसार आईबापांपासून तोडून नेलं होतं. अशा कित्येक मुलांना इथे 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. गुड्स लहान असतानाच त्याचे आईवडील वेगळे झाले. आईबरोबर गावं बदलत तो मोठा झाला आणि आधी आपला नेहमीचा फुटबॉल खेळायचा. व्हिक्टोरियातल्या मर्बिन या गावी आल्यावर तिथे फुटबॉलचा संघच नव्हता, म्हणून फुटी. एवढ्याशा कारणाने! १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवी पोरं निवडायच्या वार्षिक फेरीत, त्याच्याआधी बेचाळीस जणांना उचललं गेलं. त्रेचाळिसावा तो. १९९९ साली पहिला मोसम, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदिताचा रायझिंग स्टार पुरस्कार.

२००३ साली त्याला ब्राउनलो मेडल मिळालं, नेथन बकली आणि मार्क रिच्युटो यांच्यासोबत विभागून. २००६ साली पुन्हा, या वेळी एकट्याला. हे मेडल काय असतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे. ते पत्रकार देत नाहीत, चाहतेही देत नाहीत. प्रत्येक मॅचनंतर मैदानावरचे पंच तीन, दोन आणि एक अशी मतं त्या दिवशीच्या तीन खेळाडूंना देतात आणि मोसमाअखेरी बेरीज होते. त्या मोसमात गैरखेळासाठी निलंबित झालेला खेळाडू बाद ठरतो. मेडल आहेच मुळी सर्वोत्तम आणि सर्वांत सचोटीच्या खेळाडूसाठी. ज्यांच्या नाकासमोर तो खेळला, त्या पंचांनी त्याला दोनदा तिथे बसवलं.

२००५ च्या अंतिम सामन्यात स्वान्सनी वेस्ट कोस्टला ५८-५४ असं हरवलं. क्लबला १९३३ नंतर मिळालेलं पहिलं अजिंक्यपद. बहात्तर वर्षं. सहकाऱ्याच्या आजोबांनी १९३३ पाहिलं होतं, २००५ पाहायला ते राहिले नव्हते. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता मॉनिटरकडे बघत होता.

२०१२ ची फायनल मात्र मी स्वतः पाहिली, त्याच्याच घरी, टीव्हीवर. हॉथॉर्नविरुद्ध. पूर्वार्धातच गुड्सच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तो लंगडतोय हे पडद्यावर आम्हाला स्पष्ट दिसत होतं. वाटलं, संपलं. तो बाहेर गेला नाही. पळता येईना तर पुढच्या टोकाला उभा राहिला, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये गुण अगदी गळ्याशी आलेले असताना त्याच एका धड पायाच्या भरवशावर त्याने गोल मारला. स्वान्स दहा गुणांनी जिंकले. सहकर्णधार म्हणून करंडक उचलायला व्यासपीठावर चढताना त्याने पायरीवर कुठला पाय आधी ठेवला, तेच मी बघत होतो.

आठ महिन्यांनी, २४ मे २०१३ ला, मेलबर्नच्या त्या प्रचंड मैदानात कॉलिंगवूडविरुद्ध मॅच होती. मूळ रहिवाशांच्या सन्मानाच्या खास फेरीची ती सुरुवात. त्याला आणखी एक संदर्भ होता. बरोबर वीस वर्षांपूर्वी, एप्रिल १९९३ मध्ये, सेंट किल्डाचा निकी विनमार कॉलिंगवूडच्याच प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या दिवसभर ऐकून शेवटी जर्सी वर करून आपल्या पोटाच्या काळ्या कातडीकडे बोट दाखवत उभा राहिला होता. ते छायाचित्र इथे शाळेच्या पोरांनाही माहीत असतं. त्या घटनेच्या स्मृतीच्या रात्री सीमारेषेजवळ गुड्सला कुठूनतरी 'एप' असं ऐकू आलं. माकड. त्याने वळून त्या दिशेला बोट केलं. सुरक्षारक्षकांनी जिला बाहेर नेलं ती तेरा वर्षांची मुलगी निघाली.

दुसऱ्या दिवशी तो पत्रकारांसमोर आला. चेहरा उतरलेला. तो म्हणाला की दोष त्या मुलीचा नाही, ती लहान आहे, तिला सांभाळून घ्या. मुलीने त्याला फोन करून माफी मागितली, हेही त्यानेच सांगितलं. कॉलिंगवूडचे अध्यक्ष एडी मॅग्वायर त्याच रात्री ड्रेसिंग रूममध्ये जाऊन माफी मागून आले होते. पाचच दिवसांनी त्यांनीच रेडिओवर गुड्सचं नाव किंगकाँगच्या जाहिरातीशी जोडलं आणि पुन्हा माफी मागितली. २०१४ च्या जानेवारीत गुड्सला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा देशाचा मान मिळाला. त्यानंतर तो या देशाच्या इतिहासाबद्दल, आपल्या आईच्या पिढीबद्दल मोकळेपणाने बोलू लागला. आणि मैदानांवर हुर्यो सुरू झाली.

'हुर्यो' हा शब्द मला लहानपणापासून आवडायचा. शाळेत पोरगं फळ्यावर चुकलं, गॅदरिंगमध्ये संवाद विसरलं, की हुर्यो. त्यात दुष्टावा फारसा नसायचा. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत एका धावेवर बाद झालेल्या सचिनची वानखेडेने हुर्यो उडवली होती. ती एका खेळीची होती, तिथेच विरली. गुड्सची हुर्यो मॅच संपली तरी संपेना. चेंडू त्याच्या हातात आला की सुरू, दुसऱ्याकडे गेला की बंद. नळ सोडावा-बंद करावा तशी. गाव बदललं, प्रतिस्पर्धी बदलला, तरी तेच. लोकांना विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर तयार असायचं: तो फ्री किकसाठी नाटकं करतो, एका लहान मुलीला त्याने सगळ्यांसमोर उघडं पाडलं, आम्ही त्याच्या रंगासाठी थोडेच ओरडतोय? ज्याला पंचांनी दोनदा सचोटीचं मेडल दिलं, त्याच्यावर नाटकीपणाचा ठपका! पण मला त्या उत्तरांचा रागराग करता यायचा नाही, कारण तसलं एक उत्तर मी पूर्वी ऐकलेलं होतं. माझ्या बाजूने.

१७ ऑक्टोबर २००७. वानखेडे. भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला शेवटचा एकदिवसीय सामना. आम्ही ऑफिसातले पाचजण, गळ्यापर्यंत उत्साह. मुरली कार्तिकने सहा बळी घेतले तो दिवस. ॲण्ड्र्यू सायमंड्स आमच्या बाजूला आला की आमच्या पुढच्या रांगांतून माकडाचे आवाज यायचे. काहीजण बगला खाजवून दाखवत होते. आमच्यातल्या एकानेही दोनदा तो आवाज काढला. मी काढला नाही. हसलो मात्र. नक्की किती हसलो ते आठवत नाही, पण हातातला कागदी कप हिंदकळून शर्टावर कोल्ड ड्रिंक सांडलं होतं, ते आठवतं. दुसऱ्या दिवशी तसे हावभाव करणाऱ्यांचे फोटो छापून आले, पोलिसांनी चौघांवर कारवाई केली. ऑफिसात चहाच्या वेळी आम्ही काय बोललो? की आपल्याकडे तर मारुतीला पूजतात, माकड म्हणणं ही शिवी कशी होईल. मीही मान हलवली.

पाचजणांत एकजण दोनदा ओरडला. पुढच्या रांगांत असेच दोन-चार, त्यांच्या बाजूला आणखी काही. घरी जाताना लोकलमध्ये कुणालाच वाटलं नसेल की आपण काही केलं. सीमारेषेवर पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते वेगवेगळे ऐकू येत नाहीत. त्याला सगळा स्टँड मिळून एकच तोंड असतं.

२९ मे २०१५ ला सिडनीत कार्लटनविरुद्ध, पुन्हा मूळ रहिवाशांच्या सन्मानाच्या फेरीतच, गुड्सने गोल मारल्यावर प्रेक्षकांच्या दिशेने पावलं टाकत एक युद्धनृत्य केलं, शेवटी हातातलं अदृश्य शस्त्र फेकल्यासारखं. सोळा वर्षांखालच्या ॲबोरिजिनल मुलांच्या संघाकडून तो ते शिकला होता. जेमतेम काही सेकंदांचं नृत्य. पुढे आठवडाभर टीव्हीवर त्यावर चर्चा चालली: हे आक्रमक होतं का, हे शोभतं का. त्याच मैदानांवर समोरच्याला ढकलून पाडतात, कपाळं फुटतात, त्याला कुणी आक्रमक म्हणत नाही. हुर्यो वाढली. जुलैअखेरीस पर्थच्या मॅचमध्ये ती इतकी सलग चालली की त्याचा संघसोबती लुइस जेटा याने गोल मारून तेच नृत्य त्या प्रेक्षकांसमोर केलं. एवढ्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त दिलासा त्या पोराच्या पावलांनी दिला. त्यानंतर गुड्सने खेळातून रजा घेतली.

पुढचा शनिवार १ ऑगस्टचा. स्वान्स विरुद्ध ॲडलेड. शहरभर निरोप फिरला होता: तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला उभं राहायचं. तीन आणि सात. मुलीने सकाळी उठून पुठ्ठा रंगवला. मैदानात असे शेकडो होते, चादरींवर, टोप्यांवर, एका आजीबाईंच्या छत्रीवर. मराठीतला बहुधा आमचाच. सातवं मिनिट आलं तेव्हा खेळ चालूच होता. आधी आमच्या खालची एक रांग उठली, मग डावीकडचा स्टँड, आणि मग टाळ्यांचा आवाज छताला आपटून परत आला. सहकारी रडत होता. मुलगी खुर्चीवर उभी राहून पुठ्ठा डोक्यावर धरून होती. टाळ्या थांबायच्या आधीच तिने वाकून माझ्या कानात विचारलं, "पण तो इथे नाहीये ना? मग त्याला कसं ऐकू जाणार?"

"टीव्हीवर बघत असेल," मी म्हणालो.

तो परतला, उरलेला मोसम खेळला. सप्टेंबरमध्ये नॉर्थ मेलबर्नकडून स्वान्स हरले आणि बाद झाले, तेव्हा त्याने ड्रेसिंग रूममध्ये सोबत्यांना सांगितलं की आता बास. ३७२ सामने, ४६४ गोल. स्वान्सकडून एवढे सामने त्याआधी कुणी खेळलं नव्हतं. निवृत्त होणाऱ्यांना अंतिम सामन्याच्या दिवशी मेलबर्नच्या मैदानात उघड्या गाडीतून फिरवतात, लोक टाळ्या वाजवतात. तो गेला नाही. २०१९ साली लीगने आणि अठराही क्लबांनी त्याची बिनशर्त माफी मागितली, चार वर्षं उशिरा. २०२१ साली हॉल ऑफ फेमचा मान देऊ केला, तोही त्याने नाकारला. काहीजणांना त्याने मनात अढी धरली असं वाटतं. मला नाही वाटत. आपला चुलतभाऊ आणि सहखेळाडू मायकेल ओलॉक्लिन याच्यासोबत २००९ साली काढलेल्या गो फाउंडेशनमधून तो ॲबोरिजिनल मुलामुलींना शिष्यवृत्त्या देत आलाय, आणि ते काम हुर्योच्या आधीपासूनचं आहे. त्याला ज्या लोकांत राहायचं होतं त्यांच्यात तो आहे.

१० जानेवारी २०२१ ला, रविवारी, आम्ही घरी टीव्हीवर कसोटी बघत होतो. तेच सिडनीचं मैदान. मोहम्मद सिराज सीमारेषेवरून चालत मधे आला, स्टँडकडे बोट दाखवत अजिंक्य रहाणेशी काही बोलला. रहाणे पंचांकडे गेला. खेळ थांबला. सिराजने नंतर सांगितलं की पंचांनी मैदान सोडून जाण्याचा पर्याय दिला होता, आणि रहाणे म्हणाला की आम्ही खेळणार, जे शिव्या देताहेत त्यांना बाहेर काढा. पडद्यावर तेव्हा एवढंच दिसत होतं: रहाणे हातवारे न करता, नेहमीसारखा शांतपणे पंचांशी बोलतोय, आणि सिराज त्याच्या शेजारी उभा आहे. पोलीस स्टँडमध्ये चढले, काही माणसांना उठवून घेऊन गेले.

मुलगी बारा वर्षांची झाली होती. "आपण पुठ्ठा घेऊन गेलो होतो ते हेच ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, मी तिला वानखेडेचं सांगितलं. कप, शर्ट, चहाच्या वेळचा मारुती, सगळं. तिच्या आईलाही त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

"मग तू काय केलंस, बाबा?"

"काहीच नाही."

टीव्हीवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. ती माझ्याकडेच बघत होती.